गिअर बदलताना वेळ नेमका कुठं जातो

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, बास. वळण नाही काही नाही, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं यात कसलं आलंय स्किल, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की झालं. पण गाडी मॅन्युअल असेल तर तेवढ्या अंतरात साधारण तीनदा गिअर बदलावा लागतो, आणि दर वेळी क्लच दाबला की इंजिन एकीकडे आणि चाकं दुसरीकडे, म्हणजे तेवढा वेळ गाडी नुसती स्वतःच्या वेगावर घरंगळत असते. रोजच्या ड्रायव्हिंगमध्ये आपण अर्धा सेकंद, एक सेकंद आरामात घालवतो, कळतही नाही. हात बसलेला ड्रायव्हर हेच ०.२ सेकंदात उरकतो.

आता गंमत बघा, तिन्ही गिअरबदलांची किंमत सारखी नसते. क्लच दाबलेला असताना गाडी थांबलेली नसते, ती आहे त्या वेगाने पुढं जातच असते, म्हणजे सगळाच वेळ वाया जात नाही. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर ढोबळ हिशोब असा: गिअर बदलायला लागलेला वेळ गुणिले (१ वजा त्या क्षणीचा वेग भागिले फिनिश लाइनवरचा वेग). समजा फिनिशला गाडी ताशी १६० किमीवर आहे आणि तुम्ही ५५, ९५ आणि १३५ ला गिअर बदलले, प्रत्येकाला अर्धा सेकंद लावला. पहिला बदल ०.३३ सेकंद खातो, दुसरा ०.२० आणि तिसरा फक्त ०.०८, एकूण ०.६१. तेच ०.२ सेकंदात बदलले तर एकूण नुकसान ०.२४. फरक ०.३७ सेकंद, ऐकायला काहीच नाही, पण ताशी १६० ला गाडी सेकंदाला ४४ मीटर जाते, म्हणजे साधारण १६ मीटरचा फरक, चार छोट्या गाड्या एकामागे एक लावल्या तर जेवढं होईल तेवढा. आणि यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या पहिल्या-दुसऱ्या गिअरचा. बहुतेक पोरं जोर लावतात तिसऱ्या-चौथ्यावर, कारण तिथं आवाज मोठा असतो आणि मजा येते, पण घड्याळाला त्याचं फारसं पडलेलं नाही.

अमेरिकेत १९६०-७० च्या दशकात हेच स्किल विकलं जात होतं असं म्हटलं तरी चालेल. नॉर्थ कॅरोलिनाच्या बर्लिंग्टनचा रॉनी सॉक्स, त्याचं टोपणनावच 'मिस्टर फोर स्पीड'. तो आणि त्याचा पार्टनर बडी मार्टिन प्लिमथच्या गाड्या पळवायचे, आणि प्लिमथच्या डीलरांकडे फिरून सामान्य गिऱ्हाइकांना गाडी कशी ट्यून करायची, कशी पळवायची याचे क्लिनिक घ्यायचे. १९७० ला एनएचआरए या तिथल्या ड्रॅग रेसिंग संस्थेने प्रो स्टॉक हा क्लास सुरू केला तेव्हा त्यात चार गिअर आणि क्लच पेडल असलेल्या गाड्या होत्या, आणि चांगला हात असणं म्हणजे चांगलं इंजिन असण्याइतकीच मोठी गोष्ट होती. पुढं त्याच दशकात लेन्को कंपनीचे प्लॅनेटरी गिअरबॉक्स आले, त्यात गिअर बदलताना क्लच दाबायचीच गरज नाही, नुसता दांडा ओढायचा, आणि हाताच्या त्या कसबाची किंमत उतरली.

बरं, दांडा जोरात ओढला म्हणजे गिअर लवकर पडतो का? थोडाफार, पण एका मर्यादेपर्यंतच. गिअरबॉक्समध्ये पुढच्या गिअरचे दात वेगळ्या स्पीडने फिरत असतात, आणि तो फरक मिटल्याशिवाय दात एकमेकांत बसत नाहीत. धावत्या लोकलमध्ये चढायचं तर आधी तिच्यासोबत पळावं लागतं, तसंच. हे काम करते सिंक्रोनायझरची पितळी रिंग, कॅडिलॅकने १९२८ च्या सुमारास ही पद्धत गाड्यांमध्ये आणली. रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर घासते, स्पीड जुळवते, आणि जुळेपर्यंत दांड्याला पुढं जाऊच देत नाही. दांडा मध्येच अडतो ना क्षणभर, ते हेच. जास्त दाबलं की घर्षण वाढून स्पीड थोडी लवकर जुळते पण रिंगही तितकीच लवकर झिजते. आणि क्लच पूर्ण सुटला नसेल, म्हणजे पेडल पुरेसं दाबलं नसेल, तर बिचाऱ्या रिंगला अख्खं इंजिन खेचावं लागतं, मग येतो तो करकर आवाज. तसं बघितलं तर क्लच पेडल जमिनीपर्यंत दाबायचीही गरज नसते, क्लच सुटतो त्या बिंदूच्या किंचित खाली पुरतं, म्हणून रेसवाले पेडलखाली स्टॉपर लावून त्याचा प्रवास कमी करतात.

खरा वेळ वाचतो तो कामं एकावर एक चढवल्याने. शिकाऊ माणूस एकेक करतो: अ‍ॅक्सिलरेटर सोडला, मग क्लच, मग दांडा, मग क्लच सोडला, मग परत अ‍ॅक्सिलरेटर. सराव झालेला ड्रायव्हर क्लच दाबायच्या जस्ट आधी दांड्यावर हलका दाब देऊन ठेवतो. इंजिनचा जोर चालू असेपर्यंत दातांवरच्या ताणामुळे गिअर निघत नाही, पण क्लच दाबला की ताण जातो आणि दांडा आपोआप न्यूट्रलकडे निसटतो, वेगळं ओढावं लागत नाही. हा दाब फक्त त्या क्षणापुरता, कायम हात टेकून बसलात तर आतले गिअर सरकवणारे सिलेक्टर फोर्क झिजतात.

हात कसा धरायचा यावर अमेरिकन व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचा घोळ होतो, कारण त्यांचा उजवा हात आणि आपला डावा. आपल्या गाडीत पहिला-दुसरा गिअर ड्रायव्हरपासून लांब, डाव्या बाजूला असतो, म्हणून पहिल्यातून दुसरा ओढताना तळवा बाहेरच्या बाजूला, दांडा डावीकडे टेकलेला. दुसऱ्यातून तिसरा टाकताना मात्र मूठ आवळायचीच नाही, बहुतेक गिअरबॉक्समध्ये स्प्रिंग दांड्याला स्वतःच मधल्या रांगेत आणते, तळव्याने सरळ पुढं ढकला. घट्ट पकडून हाताने नागमोडी रस्ता काढायला गेलात की तुमचा हात आणि स्प्रिंग यांचं भांडण सुरू. तिसऱ्यातून चौथा ओढताना तळवा आपल्याकडे, ओढ किंचित आपल्या बाजूला. इथं चुकून दुसरा पडला तर कल्याण. चाकंच इंजिनला फिरवायला लागतात, तिथं रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिनला ठरलेल्या आरपीएमच्या वर जाऊ न देणारी यंत्रणा, काही करू शकत नाही कारण तो फक्त पेट्रोल किंवा स्पार्क तोडतो, आणि मग व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन भिडू शकतात. इंजिनचा खर्च निघतो म्हणून इंग्रजीत या चुकीला मनी शिफ्ट म्हणतात.

टायमिंगचंही असंच. डोळ्याने शिफ्ट लाइट, म्हणजे गिअर बदलायची वेळ सांगणारी लाइट, बघून हात हलायला साधारण ०.२ सेकंद जातात. पहिल्या गिअरमध्ये आरपीएम सेकंदाला समजा २,००० ने चढत असेल तर तेवढ्यात ४०० आरपीएम निघून जातात, तिसऱ्यात काटा सावकाश चढतो म्हणून तिथं तितकी घाई नसते. सगळ्या गिअरला एकाच आरपीएमवर लाइट लावली की पहिल्यात हमखास लिमिटरला डोकं आपटणार.

आता पॉवरशिफ्ट, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय न उचलता गिअर बदलणं. त्यात पुढच्या गिअरला जो धक्का बसतो ती फुकटची पॉवर नव्हे, इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा आहे. इंजिन ६,५०० वरून ४,३०० आरपीएमवर खेचलं गेलं आणि फिरत्या भागांचं जडत्व ०.१५ किलोग्रॅम-वर्गमीटर धरलं तर सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, तीही ०.२ सेकंदात, म्हणजे सरासरी १०० किलोवॅट, आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकच्या पूर्ण पॉवरपेक्षा जास्त. यातला बराच भाग क्लचप्लेट तापवण्यात जातो, उरलेला चाकांपर्यंत, वाटेत ड्राइव्हशाफ्टची परीक्षा घेत. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच गाडीवर हे करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, मिळणारा फायदा शतांशांत आणि बिल हजारांत. तुमच्या बाइकला हे सोसतं कारण तिच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नसतोच, मोठे खुंट खाचांत अडकतात, आणि तिथं उलट हळू बदललं तर जास्त घासतं.

सराव उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सुरू करा. दात समोरासमोर आले तर कधी कधी गिअर पडणार नाही, तेव्हा जबरदस्ती नको. आधी हळू पण न चुकता, वेग नंतर. रोज थोडं थोडं केलेलं जास्त टिकतं, कारण हाताची सवय झोपेतही पक्की होत असते. हायवेवर मात्र नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ त्यासाठीच आहे. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाच्या ड्रॅग रेस झाल्यात, तशा ठिकाणी पळवा. आणि मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ पायांचा आणि हाताचा एकत्र घ्या, एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. बहुतेकांचा दांडा वेळेत गेलेला दिसतो, पाय मात्र क्लचवर तसाच बसून असतो.