परिसर-ऊर्जा प्रकल्पांतील विद्यार्थिसहभाग

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या परिसरातील (कॅम्पसमधील) इमारती, वसतिगृहे व प्रयोगशाळा यांतील ऊर्जावापर मोजणे, तो कमी करणे किंवा लागणारी ऊर्जा नवीकरणीय साधनांपासून मिळविणे, या कामांत विद्यार्थ्यांनी घेतलेला प्रत्यक्ष भाग. ऊर्जा लेखापरीक्षण, वीजबचतीच्या स्पर्धा, सौर व पवन संयंत्रांची उभारणी, त्यांसाठीचा निधी आणि संस्थेचे ऊर्जाधोरण ठरविण्यातील वाटा यांचा त्यात समावेश होतो. जनजागृतीच्या फेऱ्या व भित्तिपत्रके यांनाही काही लेखक या सदरात घालतात. परंतु ज्यांचा मोजमापाशी वा निर्णयाशी संबंध येत नाही असे उपक्रम वेगळे धरणे सोयीचे ठरते.

उगम : या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. अमेरिकन लेखनात प्रारंभ सामान्यतः १९८९ च्या सुमारास मानतात. त्या वर्षी लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्याच विद्यापीठाचा पर्यावरणविषयक लेखाजोखा मांडला व तो पुढे इतर संस्थांना नमुना ठरला. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील १९३९ च्या सौरगृहापर्यंतही हा धागा मागे नेण्यात येतो. मात्र तेथील प्राध्यापक हॉइट हॉटेल यांच्या मार्गदर्शनाखालील ते काम मुख्यतः प्राध्यापकांचे संशोधन होते. १९४० च्या दशकाच्या अखेरच्या तिसऱ्या सौरगृहात एका विद्यार्थ्याचे कुटुंब राहत असे. तेथे विद्यार्थी हा प्रयोगाचा विषय होता, कर्ता नव्हे.

डेन्मार्ककडे बोट दाखविणारा पक्ष अधिक सबळ वाटतो. पॉल ला कूर (१८४६–१९०८) हे आस्कोव येथील लोकविद्यालयात (तरुण प्रौढांसाठीच्या निवासी शाळेत) पदार्थविज्ञान शिकवीत. १८९१ मध्ये त्यांनी शासकीय साहाय्याने तेथे वीजनिर्मितीसाठी पवनचक्की उभारली. वारा नसताना ऊर्जा कोठून आणायची, या अडचणीवर त्यांनी विद्युत् अपघटनाचा उपाय योजला : चक्कीच्या विजेने पाण्यापासून हायड्रोजन व ऑक्सिजन मिळवून ते टाक्यांत साठवायचे आणि हायड्रोजनच्या दिव्यांनी विद्यालय उजळायचे. १८९५ ते १९०२ या काळात ही व्यवस्था चालू होती. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळून स्फोट होत व खिडक्यांच्या काचा पुन्हा बसवाव्या लागत, असे सांगतात. १९०४ पासून तेथे ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे वर्ग भरू लागले. त्यांत शिकलेल्या योहानेस यूल यांनी पुढे १९५७ मध्ये गेसर येथे २०० किलोवॉटची पवनचक्की उभी केली. शिक्षणसंस्थेची स्वतःची ऊर्जागरज, अध्यापन व प्रयोग ही तिन्ही अंगे आस्कोव येथे एकत्र आढळतात. ती संस्था विद्यापीठ नव्हती हा आक्षेप खरा असला, तरी तो नावापुरता आहे.

हाच आक्षेप डेन्मार्कमधीलच ट्विंड येथील पवनचक्कीलाही लागू पडतो. उल्फबोर्गजवळच्या ट्विंड शाळासमूहातील शिक्षक, विद्यार्थी व स्वयंसेवक यांनी १९७५ ते १९७८ या काळात ५४ मी. व्यासाच्या चक्राची, २ मेगावॉट क्षमतेसाठी आखलेली पवनचक्की स्वतः बांधली. काँक्रीटचा मनोरा आणि काचतंतूंची तीन पातीही तेथेच तयार झाली. प्रत्यक्षात ती सुमारे १ मेगावॉटपर्यंतच चालविली गेली. तरीही त्या काळी एवढ्या आकाराचे यंत्र बिगर-औद्योगिक हातांनी उभे राहणे अपूर्व होते.

आधुनिक विस्तार : १९९० मध्ये फ्रान्समधील तालवार येथे २२ विद्यापीठप्रमुखांनी उच्च शिक्षणातील पर्यावरणविषयक जबाबदारीचा दहा कलमी जाहीरनामा प्रसृत केला. परिसर हीच प्रयोगशाळा, ही कल्पना त्यानंतर रुळली.

लेखापरीक्षण व स्पर्धा : विद्यार्थ्यांकडे प्रथम येते ते लेखापरीक्षण. चिमटा-मीटर (तारेभोवती अडकवून विद्युत् प्रवाह मोजणारे उपकरण), प्रकाशमापक आणि तापमान नोंदक एवढी साधने त्यासाठी पुरतात. चालू वीजपेटीवरील जोडण्या मात्र परवानाधारक तंत्रज्ञानेच कराव्या लागतात. वसतिगृहाच्या नोंदींत सर्वांत बोलका आकडा पहाटे तीनच्या सुमाराचा असतो. खोल्यांतील दिवे बंद असतानाही जो भार उरतो, तो मार्गिकांतील दिवे, पाण्याचे पंप, शीतकपाटे व इंटरनेटची जालसामग्री यांचा. हा आधारभार मोठा असेल, तर ‘दिवे मालवा’ या आवाहनाचा उपयोग मर्यादितच राहतो व काम विद्यार्थ्यांकडून देखभाल विभागाकडे जाते.

वसतिगृहांमधील बचतस्पर्धांचा बहुचर्चित अभ्यास अमेरिकेतील ओबर्लिन महाविद्यालयातील आहे. तेथे दोन इमारतींना वीज व पाणी वापराचे आकडे तत्क्षणी दाखविण्यात आले, तर २० इमारतींना ते आठवड्यातून एकदा कळविण्यात आले. दोन आठवड्यांच्या स्पर्धेत वीजवापर एकंदर ३२ टक्क्यांनी, पहिल्या गटात ५५ व दुसऱ्यात ३१ टक्क्यांनी घटला. पाण्याचा वापर केवळ ३ टक्क्यांनी. ५५ टक्के हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. तो दोनच इमारतींचा आहे, हे क्वचितच सांगितले जाते.

खरी अडचण आधाररेषेची, म्हणजे बचत ज्याच्याशी ताडायची त्या मूळ वापराची असते. स्पर्धा हिवाळा सरताना घेतल्यास दिवस मोठा होतो, तापनाची गरज घटते आणि काहीही न करता बचत दिसते. यासाठी वापर अंशदिनांशी, म्हणजे दैनिक सरासरी तापमान व ठरावीक आधार तापमान यांतील फरकाच्या बेरजेशी ताडून पाहतात. शिवाय स्पर्धेत नसलेल्या इमारतींची नोंद तुलनेसाठी घेतात. परीक्षा व सुट्या यांमुळे राहणाऱ्यांची संख्या बदलते, तीही हिशेबात धरावी लागते. स्पर्धा संपल्यावर वापर पूर्वपदावर येण्याची प्रवृत्ती असल्याने वर्षभर चालणाऱ्या योजना अधिक विश्वसनीय मानाव्यात. ब्रिटनमध्ये २००६ मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात सुरू झालेली ‘स्टुडंट स्विच ऑफ’ मोहीम या प्रकारची होय.

छतावरील सौर संयंत्रांच्या बाबतीत विद्यार्थ्यांना सोपविण्याजोगे उत्तम काम म्हणजे कार्यमान गुणोत्तर, म्हणजे प्रत्यक्ष व आदर्श निर्मिती यांचे गुणोत्तर, काढणे. संयंत्राची क्षमता दर चौ. मी. १ किलोवॉट सूर्यप्रकाशाला धरून सांगतात. १०० किलोवॉटच्या संयंत्रावर दिवसाला दर चौ. मी. ५ किलोवॉट-तास ऊर्जा पडली, तर आदर्श निर्मिती ५०० किलोवॉट-तास होईल. मीटरने ४०० दाखविले तर गुणोत्तर ०.८. ते घसरू लागले, की धूळ, सावली किंवा इन्व्हर्टरचा बिघाड शोधावा लागतो.

निधी व निर्णय : अमेरिकेतील मॅकॅलेस्टर महाविद्यालयात २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने फिरता निधी स्थापन झाला. अशा निधीतून केलेल्या सुधारणेमुळे वीजबिलात जी बचत होते, तीच निधीत परत भरून पुढचे काम हाती घेतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परिसरात २००७ मध्ये विद्यार्थ्यांनी अशा प्रकल्पांसाठी मतदानाने स्वतःवर शुल्क बसवून घेतले. मिडलबरी महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या प्रस्तावावरून २०१६ पर्यंत कार्बन-समतोल (निव्वळ कार्बन-उत्सर्जन शून्य) गाठण्याचे ठरविले. तेथे लाकडाच्या चिपांवर चालणारे संयंत्र २००९ मध्ये सुरू झाले व समतोल ठरल्या वर्षी जाहीर झाला. मात्र संस्थेच्या मालकीच्या वनजमिनीने शोषलेला कार्बन त्यात जमेस धरलेला आहे.

विद्यार्थी तीनचार वर्षांत बाहेर पडतात. त्यामुळे मीटरांच्या नोंदी, परिगणनेच्या पद्धती व गुप्तशब्द पुढच्या तुकडीकडे सोपविण्याची व्यवस्था नसेल, तर चांगले प्रकल्पही बंद पडतात. नोंदी एखाद्या अभ्यासक्रमाला किंवा कायमस्वरूपी कर्मचाऱ्याला जोडणे हा त्यावरचा रूढ उपाय होय.

आंतरविद्यापीठ स्पर्धांत ‘सोलर डेकॅथलॉन’ प्रमुख आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ती २००२ मध्ये वॉशिंग्टन येथे प्रथम भरविली. १४ संघांनी सौर घरे बांधली व कोलोरॅडो विद्यापीठाचा संघ पहिला आला. तिची यूरोपीय आवृत्ती २०१० मध्ये माद्रिद येथे सुरू झाली. व्हर्साय येथील २०१४ च्या स्पर्धेत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ प्रथमच उतरला. स्पर्धेतील घरे परिसराबाहेर मांडली जात असल्याने परिसर-ऊर्जेशी त्यांचा संबंध अप्रत्यक्षच आहे.