जुन्या हार्ड डिस्कची परीक्षा

घरातला जुना डेस्कटॉप भंगारवाल्याकडे जाण्याआधी मी त्याचं कॅबिनेट उघडून हार्ड डिस्क काढून घेतो. परवा अशीच 500 जीबीची एक डिस्क निघाली. चार स्क्रू काढले, दोन केबली सोडवल्या, आणि हातात अर्ध्या किलोहून जड असा धातूचा ठोकळा आला. घरातल्या फोटोंच्या बॅकअपसाठी एवढी जागा पुष्कळ झाली. पण इतकी वर्षं राबलेल्या यंत्राच्या भरवशावर लेकीचे लहानपणीचे फोटो ठेवायचे का? मी ठेवतो. मात्र आधी त्या डिस्कची परीक्षा घेतो आणि एकुलती एक प्रत तिच्यावर कधीच ठेवत नाही.

आत काय चाललेलं असतं हे कळलं की परीक्षा कशाची घ्यायची तेही कळतं. डेस्कटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा मिनिटाला 7200 फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला 120. तबकडीचा व्यास साधारण साडेनऊ सेंटीमीटर. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे 130 किलोमीटर भरतो. या धावत्या पृष्ठभागावर वाचणारं-लिहिणारं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं, तेही अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, यावरून अंदाज करा. म्हणूनच डिस्कचं झाकण घरी कधीही उघडायचं नाही आणि चालू डिस्क जागची हलवायची नाही.

मला सगळ्यात आवडते ती लाइट गेल्यावरची तिची युक्ती. वीज तुटली तरी तबकड्या क्षणभर फिरतच राहतात. त्या फिरण्यामुळे मोटरच जनित्राचं काम करते, आणि त्या एवढ्याशा विजेवर हेड तबकडीवरून उचलून आपल्या जागी नेलं जातं. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाते, तेव्हा ही सोय किती डिस्क वाचवत असेल!

तबकडीवरची चुंबकीय नोंद सहजासहजी पुसली जात नाही. झिजतात ती बेअरिंग, हेड आणि त्यांना हलवणारे भाग. त्यामुळे डिस्क कोणत्या साली घेतली यापेक्षा ती किती तास चालली, हे आधी बघायचं. ही नोंद डिस्क स्वतःच ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल हे मोफत प्रोग्राम ती दाखवतात. एक खाचखळगा सांगून ठेवतो. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या तक्त्यातले मूळ आकडे सुरुवातीला सोळाच्या पटीतल्या पद्धतीने लिहिलेले असतात. माझ्या डिस्कच्या तासांपुढे 5208 दिसत होतं, पण नेहमीच्या मोजणीत ते 21,000 तास होतात. रोज आठ तास धरले तर सात वर्षांहून थोडं जास्त.

तासांपेक्षा महत्त्वाच्या दोन ओळी म्हणजे पाचवी नोंद आणि 197 वी नोंद. डिस्कवरची जागा सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत विभागलेली असते, आणि प्रत्येक डिस्ककडे थोडे राखीव सेक्टर असतात. एखादा सेक्टर खराब झाला की त्याचं काम राखीव सेक्टरकडे सोपवलं जातं, आणि असे किती बदलले ते पाचव्या नोंदीत दिसतं. 197 मध्ये वाचता न आलेले, पण अजून निकाल न लागलेले सेक्टर असतात. तो निकाल त्यांच्यावर पुन्हा लिहिल्यावर लागतो. लिहिणं जमलं तर सेक्टर कामावर परततो, नाही तर बदलला जातो. दोन्हीकडे शून्य असेल तर पुढे जायला हरकत नाही. आकडे वाढत चालले असतील, तर मी ती डिस्क वापरत नाही. 199 वी नोंद डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या देवाणघेवाणीत झालेल्या चुकांची. ती वाढत असेल तर बहुतेकदा दोष केबलचा असतो, आधी ती बदलून पाहा.

शून्य दिसलं म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. गूगलच्या संशोधकांनी 2007 मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी 36 टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टमध्ये कसलाच इशारा दिलेला नव्हता.

म्हणून डिस्कला एकदा पूर्ण राबवून घ्यायचं. आधी तिच्यातलं जुनं सामान दुसरीकडे उतरवून घ्या. मग 'क्विक'वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट द्या. विंडोज तेव्हा डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहितं, आणि लटकलेल्या सेक्टरांचा निकाल तिथेच लागतो. सेकंदाला 80 एमबीचा वेग धरला तर 500 जीबीला पावणेदोन तास लागतात. त्यानंतर स्मार्ट पुन्हा बघा. फॉरमॅटआधी डिस्कचा मॉडेल नंबर दोनदा वाचा, कारण चुकीची डिस्क निवडली तर सगळं तिथेच संपतं.

जोडणी सोपी आहे. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढायचा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची, मग मदरबोर्डकडून माहिती नेणारी साटाची अरुंद केबल आणि एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, पॉवरची रुंद केबल लावायची. जुन्या डिस्कमध्येही विंडोज असेल तर कॉम्प्युटर तिच्यावरूनच सुरू होऊ शकतो. तसं झालं तर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, डिस्कचा क्रम बदलावा. डिस्क त्याहून जुनी, म्हणजे चाळीस पिनांच्या पसरट पट्टीची असेल, तर यूएसबी कन्व्हर्टर घ्यावा.

खरं तर मला यूएसबीचाच मार्ग जास्त पसंत आहे. कॅबिनेटच्या आत बसवलेली डिस्क त्याच एसएमपीएसवर चालते. विजेचा झटका आला तर दोन्ही डिस्क जाऊ शकतात, आणि खंडणीखोर व्हायरस शिरला तर जोडलेलं सगळंच कुलूपबंद करतो. काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत तो पोहोचत नाही. मात्र डेस्कटॉपच्या 3.5 इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात आणि यूएसबीचे 5 व्होल्ट तिला पुरत नाहीत, म्हणून स्वतंत्र अडॅप्टरचा डॉक, म्हणजे डिस्क बसवून यूएसबीने जोडायची बैठक, घ्या. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला 3-2-1 चा नियम इथे कामी येतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. जुनी डिस्क त्यातली तिसरी प्रत म्हणून चोख काम करते. माझी गावी भावाकडे असते.

फोटो चढवून झाल्यावर मी दुसऱ्या कॉम्प्युटरला ती डिस्क लावून मधलेच पाच-सहा फोल्डर उघडून बघतो. मग कागदाच्या पट्टीवर तारीख आणि स्मार्टचे दोन आकडे लिहून ती डिस्कवर चिकटवतो, आणि सिलिका जेलची पुडी घालून डिस्क हवाबंद डब्यात ठेवतो. दिवाळीत गावी गेलो की डबा उघडायचा, आकडे पुन्हा वाचायचे आणि वर्षभराचे नवे फोटो चढवायचे.