महाविद्यालयीन फुटबॉलमधील खेळाडूनिवड, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळेत व क्लबमध्ये फुटबॉल खेळणारी मुले-मुली महाविद्यालयीन प्रशिक्षकांच्या नजरेस आणण्याची आणि प्रशिक्षकांनी त्यांच्यातून आपला संघ बांधण्याची पद्धत. बोलण्यात तिला सर्रास ‘रिक्रूटिंग’ म्हणतात. या नोंदीत फुटबॉल म्हणजे तिकडचा सॉकर. लंबगोल चेंडूच्या खेळाचा उल्लेख अमेरिकन फुटबॉल असा केला आहे.

या पद्धतीचा उगम महाविद्यालयीन फुटबॉलच्या उगमाशी जोडला जातो आणि तोच वादग्रस्त आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात सामना झाला. दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस खेळाडू होते आणि रटगर्सने तो ६–४ असा जिंकला. अमेरिकन फुटबॉलचे इतिहासकार तो आपल्या खेळाचा पहिला सामना मानतात. मात्र चेंडू हातात घेऊन पळण्यास त्यात मनाई होती आणि नियमांवर लंडनच्या फुटबॉल असोसिएशनची छाप होती, म्हणून सॉकरचे अभ्यासकही त्यावर हक्क सांगतात. नियमांकडे पाहता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. १८७६ मध्ये मात्र प्रमुख महाविद्यालये रग्बीच्या धर्तीवरील नियमांकडे वळली आणि सॉकर मागे पडला. आधुनिक नियमांचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना सामान्यतः १९०५ चा, हॅवरफर्ड व हार्वर्ड यांच्यातील, धरला जातो. या वादाचा प्रस्तुत विषयाशी संबंध असा की, खेळाडू मिळवण्याचे नियम पुढची अनेक दशके अमेरिकन फुटबॉल डोळ्यांसमोर ठेवून घडत गेले. सॉकरला ते आयते मिळाले आणि बऱ्याच ठिकाणी नीट बसले नाहीत.

महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेची स्थापना १९०६ ची. कार्नेगी प्रतिष्ठानच्या १९२९ च्या अहवालाने खेळाडू ओढून आणण्याच्या आणि त्यांना पैसे पुरवण्याच्या प्रकारांवर कडक टीका केली. असे प्रकार रोखण्यासाठी एनसीएएने १९४८ मध्ये केलेली आचारसंहिता फार टिकली नाही. निव्वळ खेळातील गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देण्यास १९५६ च्या सुमारास मान्यता मिळाली. पुरुषांची पहिली एनसीएए फुटबॉल स्पर्धा १९५९ मध्ये झाली व ती सेंट लुइस विद्यापीठाने जिंकली. १९७३ पर्यंत या विद्यापीठाने दहा विजेतेपदे मिळवली, तीही मुख्यतः गावातल्याच मुलांच्या बळावर. शहरातील कॅथलिक चर्चच्या लीगमध्ये मुले लहानपणापासून खेळत असल्याने प्रशिक्षकाला दूर जावे लागत नसे. त्याच्या अगदी उलट वाट हॉवर्ड विद्यापीठाची. त्रिनिदादचे लिंकन फिलिप्स यांनी कॅरिबियन व आफ्रिकेतील खेळाडू आणून संघ उभारला. १९७१ चे विजेतेपद पात्रतेच्या कारणावरून काढून घेण्यात आले, पण १९७४ मध्ये त्याच संघाने अंतिम सामन्यात सेंट लुइसला त्यांच्याच शहरात हरवले. घरचे खेळाडू की बाहेरचे, हा वाद तेव्हापासून पुरुषांच्या संघांभोवती आहे.

मुलींसाठी निर्णायक ठरला तो १९७२ चा ‘टायटल नाइन’ हा कायदा. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेद करण्यास त्याने मनाई केली. अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या पुरुष संघांचा समतोल साधण्यासाठी विद्यापीठांनी महिलांचे सॉकर संघ काढले. परिणामी एनसीएएच्या तीन विभागांपैकी सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या विभागात महिलांचे संघ पुरुषांपेक्षा बरेच जास्त आहेत. महिलांची एनसीएए स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली आणि आन्सन डोरन्स यांच्या नॉर्थ कॅरोलायना संघाने ती २१ वेळा जिंकली.

शिष्यवृत्तीबाबत पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज ती पूर्ण मिळते हा आहे. पहिल्या विभागात दीर्घकाळ पुरुष संघाला ९.९ आणि महिला संघाला १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम देता येत असे. प्रशिक्षक ती पंचवीस-तीस जणांत वाटत. कोणाला निम्मी फी, कोणाला फक्त पुस्तकांचा खर्च. तिसऱ्या विभागात आणि हार्वर्ड, येल आदी आठ जुन्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही, तिथे अभ्यासातील गुणवत्तेवर किंवा घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. अनेक कुटुंबांना हीच मदत खेळाच्या शिष्यवृत्तीपेक्षा भारी पडते, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे.

एकेकाळी आठवी-नववीतल्या मुली एखाद्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला तोंडी होकार देऊन मोकळ्या होत. चौदाव्या वर्षी चार वर्षांपुढचा निर्णय घेणे मुलांच्या दृष्टीने अन्यायाचेच होते. २०१९ पासून पहिल्या विभागात दहावी इयत्तेनंतरच्या १५ जूनपूर्वी प्रशिक्षकाला खेळाडूशी निवडीबद्दल बोलता येत नाही. विद्यापीठाची भेट त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून. शिबिराची पत्रके व प्रश्नावली मात्र आधीही पाठवता येतात, त्यामुळे असे पत्रक म्हणजे निवडीची चाहूल असे समजू नये.

प्रशिक्षक मुलांना पाहतात ते मुख्यतः क्लबच्या सामन्यांत. शाळेच्या संघाला येथे दुय्यम स्थान आहे. मुलींसाठी २००९ मध्ये सुरू झालेली ईसीएनएल, मुलांसाठी २०२० पासूनची एमएलएस नेक्स्ट या लीग आणि सॅन दिएगोचा सर्फ कप, टेक्सासमधील डॅलस कप यांसारख्या स्पर्धा प्रसिद्ध आहेत. एका मोठ्या संकुलात डझनावारी सामने एकाच वेळी चालतात. प्रशिक्षक घडीची खुर्ची आणि हातात खेळाडूंची यादी घेऊन कडेला बसतो, वीसेक मिनिटे पाहून पुढच्या मैदानाकडे निघतो. आधी नाव ठाऊक नसेल तर तो त्या मैदानावर येण्याचीच शक्यता कमी. म्हणून स्पर्धेच्या आठवडा-दोन आठवडे आधी खेळाडूने स्वतः लिहिलेल्या ई-मेलला एवढे मोल आहे. तिच्या विषयाच्या ओळीतच बारावी उत्तीर्ण होण्याचे वर्ष, संघात खेळण्याची जागा (बचाव, मध्यफळी, आघाडी) आणि क्लबचे नाव यावे; आत जर्सी क्रमांक, मैदान क्रमांक, सामन्याची वेळ, गुणांची सरासरी आणि व्हिडिओचा दुवा. त्याच विद्यापीठात का यायचे आहे हे सांगणारे एखादे खरे वाक्य हवे; शंभर ठिकाणी धाडलेला एकच मजकूर लगेच ओळखू येतो. पत्र पालकांनी लिहू नये.

व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांचा पुरे. प्रत्येक तुकड्यात चेंडू येण्याआधी खेळाडूभोवती वर्तुळ दाखवावे, उत्तम क्षण पहिल्या अर्ध्या मिनिटात घ्यावेत, पार्श्वसंगीत टाळावे. नुसते गोल दाखवण्यापेक्षा पहिला स्पर्श, चेंडूविना धावणे आणि चेंडू गमावल्यावर मागे येणे यांतून प्रशिक्षकाला अधिक कळते. मैदानावर तो हेही बघतो की चूक झाल्यावर पोर सहकाऱ्यावर खेकसते की पुढच्या क्षणाला लागते.

अभ्यासाची चाळणी सर्वांत आधी लागते. पहिल्या विभागासाठी इंग्रजी, गणित, विज्ञान यांसारखे १६ ठरावीक मूळ विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी आवश्यक. सोळांपैकी दहा विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागतात. एसएटीसारख्या प्रमाणित परीक्षांची अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली.

शुल्क घेऊन मध्यस्थी करणारे सल्लागार व संकेतस्थळे पुष्कळ आहेत. क्लबच्या प्रशिक्षकाचा एक प्रामाणिक फोन त्यांच्यापेक्षा उपयोगी ठरतो. मध्यस्थीचे टोक २०१९ मध्ये उघड झालेल्या ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरणात दिसले. येल, यूसीएलए येथील सॉकर प्रशिक्षकांनी लाच घेऊन खेळाशी संबंध नसलेल्यांना खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून दिले होते.

अलीकडचे बदल वेगवान आहेत. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणाऱ्या, २०१८ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सफर पोर्टलमुळे प्रशिक्षक अनुभवी खेळाडूंना पसंती देतात व शाळेतून येणाऱ्यांच्या जागा घटतात. खेळाडूला एका विद्यापीठाशी बांधून घेणारे, १९६४ पासूनचे राष्ट्रीय इरादापत्र २०२४ मध्ये रद्द झाले. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार तीत सामील विद्यापीठांत शिष्यवृत्तीसंख्येची मर्यादा गेली आणि संघात २८ खेळाडूंची मर्यादा आली.

एनसीएएबाहेर एनएआयए ही संघटना व दोन वर्षांची कनिष्ठ महाविद्यालये आहेत. उशिरा बहरलेल्या खेळाडूंना हा मार्ग खुला असतो.

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना वरील सर्व नियम जसेच्या तसे लागू होतात. मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्यातून थेट जाऊ पाहणाऱ्यांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी तपासल्या जातात. बोर्डाच्या गुणपत्रिकांवरून मूळ विषयांचे मूल्यमापन होते आणि त्यात नववीपासूनची वर्षे धरली जातात. तसेच व्यावसायिक क्लबच्या संघातून खेळताना करार केला होता का, मानधन घेतले होते का, हे विचारले जाते. अशी कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत.