सोलापुरात बेरोजगार किती?

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारच्या वेळी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका घरोघरी दिसतात. भिजवलेलं तेंदूचं पान मापाने कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून गुंडाळायचं, टोक दुमडून दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. पान-तंबाखू कमी मिळालं की विड्या कमी आणि मजुरीही कमी. आठवड्यात एकाच दिवशी काम मिळालं, तरी सरकारी पाहणीत ही बाई रोजगार असलेलीच धरली जाते.

देशातली बेरोजगारी मोजणारी मुख्य पाहणी म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, अर्थात पीएलएफएस. ती २०१७ साली सुरू झाली. तिच्या साप्ताहिक मोजणीत मागच्या सात दिवसांपैकी कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलं असेल, तर माणूस बेरोजगार ठरत नाही. वर्षभराच्या मोजणीत तर ३० दिवसांचं जोडकामही पुरतं. घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणाराही रोजगारातच येतो. ही व्याख्या साधारण जगभर अशीच आहे, त्यात लपवाछपवी नाही. पण जिथे बेकारभत्ता नाही, तिथे गरिबाला रिकामं बसणं परवडतच नाही. तो मिळेल ते करतो. त्यामुळे आपल्याकडे हा दर कमी दिसतो आणि शिकलेल्यांमध्ये जास्त, कारण काही काळ थांबून नोकरी शोधण्याइतका आधार त्यांच्यातल्या अनेकांना घरून असतो.

दुसरी गोम भागाकारात आहे. बेरोजगारांच्या संख्येला एकूण लोकसंख्येने नव्हे, तर काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या बेरजेने भागतात. समजा, असे १०० जण आहेत आणि त्यातल्या १० जणांना काम नाही. दर १० टक्के. आता दोघे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले आणि तिघांनी कंटाळून शोध सोडला. उरले ९५, त्यात बेकार ५. दर ५.३ टक्के! शहरात एकही नवी नोकरी आलेली नाही, तरी बेरोजगारी जवळपास निम्म्यावर.

अमेरिकेतलं यंगस्टाउन हे पोलादाचं शहर या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. १९ सप्टेंबर १९७७ रोजी तिथला मोठा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि सुमारे ५ हजार कामगारांची नोकरी गेली. १९७० साली सुमारे १ लाख ४० हजारांची वस्ती २०२० पर्यंत ६० हजारांवर आली. निघून गेलेला माणूस बेकार असला, तरी त्या शहराच्या आकड्यात तो उरत नाही.

सोलापूरचं दुखणं याच जातीचं. १८७७ साली जुनी मिल निघाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंग्यावर चालणारं हे शहर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक मिल गमावत गेलं. उरले यंत्रमाग, चादरी-टॉवेल आणि विड्या. मिलमध्ये हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधी, बोनस होता. नंतरच्या बऱ्याचशा कामांत यातलं काहीच नीट नाही. मिलमधून सुटलेला कामगार मागावर गेला किंवा त्याने रिक्षा धरली, तर बेरोजगारीच्या दरात काडीचाही फरक पडत नाही. घरात येणाऱ्या पैशात मात्र पडतो. मला हेच सर्वांत गंभीर वाटतं, कारण धोरणं बहुधा दराकडे बघून आखली जातात.

२०१७-१८ मध्ये देशाचा वार्षिक दर ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. याच काळात कामात असलेल्या स्त्रियांचं प्रमाण बरंच वाढलं, पण त्या वाढीचा मोठा वाटा स्वयंरोजगार आणि घरच्या बिनपगारी कामाचा आहे.

जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसचा नमुना निवडताना जिल्हा हा पायाभूत घटक धरला जातो. त्यातून सोलापूरसारख्या जिल्ह्यांचं चित्र स्पष्ट होऊ लागलं, तर बेरोजगारीच्या दराआधी तीन रकाने बघावेत: शंभरातले किती जण कामात आहेत, पगारी किती आणि आठवड्याला तास किती.