आरंभीच्या बोलपटयुगातील मेलोड्रामा (हॉलिवूड)

१९२७ मध्ये बोलपटयुगाची सुरुवात करणारा ‘द जॅझ सिंगर’ प्रदर्शित झाल्यापासून १९३४ च्या मध्यापर्यंत हॉलिवूडमध्ये निघालेल्या भावनाप्रधान सामाजिक बोलपटांचा यात समावेश होतो. घर तुटलेली आई, विवाहित पुरुषावर जीव जडलेली स्त्री, पोटासाठी देहविक्रय करणारी तरुणी ही त्यांतील नेहमीची पात्रे असून कथा बहुधा लोकप्रिय नाटके व कादंबऱ्यांवरून घेतलेल्या असत.

या चित्रपटांचा खरा स्वभाव मात्र तंत्राच्या अडचणींतून घडला. कॅमेऱ्याची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून तो ध्वनिरोधक खोलीवजा पेटीत बंद ठेवावा लागे आणि नटांना मायक्रोफोनच्या टप्प्यात राहूनच बोलावे लागे. संवाद आणि संगीत वेगवेगळे मुद्रित करून नंतर एकत्र करणे अवघड असल्याने १९३०–३१ मधील अनेक चित्रपटांत पार्श्वसंगीत श्रेयनामावलीपुरतेच आढळते. दिग्दर्शक रूबेन मामूलियन यांनी ‘अप्लॉज’मध्ये (१९२९) ही चौकट मोडली: आई अंथरुणाशी बसून गाणे म्हणते आहे आणि मुलगी त्याच वेळी प्रार्थना पुटपुटते आहे, या दृश्यासाठी त्यांनी दोन मायक्रोफोन वापरून दोन्ही आवाज स्वतंत्रपणे टिपले व मग जुळवले. दोन माणसांचे एकाकीपण एकाच वेळी ऐकू येणे ही मूकपटाला न साधणारी गोष्ट होती.

आजच्या प्रेक्षकाला हे चित्रपट भिडतात ते मुख्यतः संगीताच्या या अभावामुळे. कुठे रडावे हे वाद्यवृंद सांगत नसल्याने भार चेहऱ्यावर, आवाजाच्या कंपावर आणि संवादांमधल्या शांततेवर पडतो. सुरुवातीला जड वाटणारी संथ गती सवयीने जवळची वाटू लागते. दुसरे कारण स्पष्टपणाचे आहे. १९३० मध्ये स्वीकारलेली निर्मितीसंहिता (पडद्यावर काय दाखवावे यासाठी हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेले नैतिक नियम) जुलै १९३४ पर्यंत काटेकोरपणे लागू झाली नव्हती, त्यामुळे जेम्स व्हेल यांच्या ‘वॉटर्लू ब्रिज’मध्ये (१९३१) नायिकेचा देहविक्रयाचा व्यवसाय उघडपणे दिसतो, तर १९४० च्या नव्या आवृत्तीत तो आडवळणाने सुचवावा लागला. जॉन स्टाल यांच्या ‘बॅक स्ट्रीट’मध्ये (१९३२) आयुष्यभर आडोशाला राहिलेल्या स्त्रीला मृत्युशय्येवरील प्रियकराचा निरोप केवळ टेलिफोनवरून घ्यावा लागतो.