कुंपणावरचा अशोक आणि सीतेचा अशोक

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकू कोयती घेऊन कुंपणाकडे निघाल्या होत्या. सुनेची पाळी दहा-दहा दिवस थांबत नव्हती, आणि कुणीतरी सांगितलं होतं की अशोकाची साल दुधात उकळून द्या. उपाय जुनाच, वैद्यांनाही ठाऊक असलेला. झाड तेवढं चुकीचं होतं.

शाळेच्या आवाराला, बंगल्याच्या कडेला मिटलेल्या छत्रीसारखा उभा असतो तो अशोक सीताफळाच्या कुळातला, पॉलिअल्थिया. त्याची पानं एकेकटी, लांबट, कडेला लाटा असलेली. तोरणात ओवतात तीच. फुलं हिरवट, शोधावी लागतात. फळं पिकून काळीजांभळी झाली की रात्री वटवाघळं येतात. शोभेला छान, पण रक्तप्रदराच्या, म्हणजे पाळीत जास्त रक्त जाण्याच्या, औषधात तो नाही.

औषधातला तो सीतेचा अशोक, साराका असोका. हा चिंच-बहाव्याच्या कुळातला. एका देठावर पानांच्या चार-सहा जोड्या, आणि कोवळी पालवी तांबूस, ओल्या फडक्यासारखी लुळी लोंबणारी. ती एकदा पाहिली की पुन्हा गफलत होत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी जाड फांद्यांवरच केशरी झुबके येतात, जुने होता होता लाल होतात. (गंमत म्हणजे या फुलाला पाकळ्याच नसतात, रंग असतो तो निदलांचा, म्हणजे कळी झाकणाऱ्या बाहेरच्या दलांचा.) पुढे चपट्या शेंगा. कोकणात तो ओढ्याकाठी, दमट सावलीत सापडतो.

झाड समोर असेपर्यंत सगळं सोपं. साल वाळवून कुटली की दोन्हींची भुकटी तपकिरीच, नुसत्या नजरेला फरक कळत नाही. भेसळ इथेच होते, कारण मागणी मोठी आणि खरी झाडं कमी. आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत सीतेचा अशोक 'असुरक्षित' गटात आहे. खोडाभोवती गोल साल सोलली की झाड उभ्या उभ्या मरतं. म्हणून खरा अशोक सापडला तरी कोयती घरीच ठेवावी, असं माझं मत.

अशोकारिष्ट म्हणजे सालीचा काढा गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवलेला. त्यात 5 ते 10 टक्के मद्यार्क आपोआप तयार होतो. मधुमेह असेल किंवा दिवस राहिले असतील, तर विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि रक्तप्रदर हे लक्षणाचं नाव. त्यामागे फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असेल, अ‍ॅडेनोमायोसिस (गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच स्नायूत वाढणं) असेल, थायरॉइडही असेल. अशोकाने अंगावरून जाणं आटोक्यात येतं, असं वैद्य पूर्वापार सांगत आले. गाठ विरघळते याला मात्र भक्कम पुरावा नाही. तासाला पॅड भिजत असेल किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर काढा बाजूला ठेवून थेट दवाखाना.

काकूंच्या सुनेला सोनोग्राफीत फायब्रॉइडच निघाला. सध्या ती लोहाच्या गोळ्या घेते आहे, आणि वैद्यांकडे जाताना रिपोर्ट बरोबर नेते.