पाकीट

पाकीट (नपुंसकलिंगी, अनेकवचन पाकिटं) म्हणजे पैसे ठेवायचं चामड्याचं किंवा रेक्झिनचं घडीचं साधन, पण त्याच शब्दाने आपण पत्राच्या लिफाफ्यालाही पाकीट म्हणतो आणि बिस्किटाच्या पुड्यालाही, आणि तरी बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही. पाकीट मारलं म्हटलं की पैशाचं, पाकीट फोडलं म्हटलं की बहुतेक बिस्किटाचं नाहीतर पत्राचं. दूध मात्र पाकिटात नाही, पिशवीत येतं.

बऱ्याच जणांना वाटतं की हा शब्द खिशाच्या इंग्रजी 'पॉकेट'वरून आलाय, कारण पाकीट खिशात असतं आणि हिंदीतला पॉकेटमार आपल्या पाकीटमारासारखाच ऐकू येतो. पण मूळ आहे 'पॅकेट'. पॅक म्हणजे गाठोडं, त्याचं छोटं रूप पॅकेट, आणि इंग्रजीत जुना अर्थ पत्रांचा छोटा गठ्ठा, म्हणूनच टपाल नेणाऱ्या जहाजाला पॅकेट बोट म्हणायचे. लिफाफ्याचा अर्थ या टपालाच्या अर्थाला अगदी लागून आहे. पैशाच्या पाकिटाला मात्र इंग्रजीत पॅकेट म्हणत नाहीत, तो अर्थ आपल्याकडचा, गुजरातीतही आहे.

त्याआधी पैसे ठेवायला बटवा होता, कमरेला बांधायचा 'कसा' म्हणजे पैशाची पिशवी होती, आणि काहीच नसेल तर धोतराची नाहीतर लुगड्याची कनवटी. हे सगळं नाण्यांसाठी बरोबर होतं, तोंड आवळलं की झालं, पण नोट बटव्यात चुरगळते. 1861 च्या कायद्यानंतर सरकारी कागदी नोटा आल्या, पुढे 1917 ला एक रुपयाचीही नोट निघाली, आणि कागद सपाट ठेवायला घडीचं पाकीटच सोयीचं. बटवा शब्द मेला नाही, आजीबाईचा बटवा म्हणजे घरगुती औषधं हा अर्थ घेऊन तो मजेत जगतोय, आणि लग्नात नऊवारीवर जरीचा बटवा लागतोच.

पाकिटाला पुढे देण्याघेण्याचे अर्थही चिकटले. लग्नातलं आहेराचं पाकीट बघा, वरती कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं असतं, म्हणजे आत शंभराची किंवा पाचशेची नोट घातली की आपोआप 101 नाहीतर 501, नाणं शोधत बसायला नको. नाटकाच्या प्रयोगानंतर नटाला नाईटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट मिळतं. आणि 'तिथे पाकीट द्यावं लागतं' असं कुणी हळू आवाजात म्हणालं तर ती सरळ सरळ लाच असते, तिला हा साधा शब्द वापरून सभ्य करू नये असं मला मनापासून वाटतं.

लिहिताना एक लक्षात ठेवायचं, 'पाकीट'मधली 'की' दीर्घ, पण पाकिटात, पाकिटाचं, पाकिटं यात ऱ्हस्व. पाकीटमारमध्ये परत दीर्घ.